पोर नाही, गोंद सोडायचा

एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या पोरीची दोन बोटं एकमेकांना चिकटली, आणि तिथनं हे सगळं सुरू झालं. घड्याळ मी बघितलं नव्हतं, मामांनी बघितलं. ते अजून सगळ्यांना सांगतात, "अकरा वाजून धा मिन्टांनी सारिका अशी वरडली, खालच्या गिरणीतलं गिऱ्हाईक पीठ टाकून वर आलं!"

आमच्या खोलीत किस्से असेच साठतात. नखात गोंद बसतो तसे. रोज घासा, रोज थोडा राहतोच.

खोली मंगळवार पेठेत, पिठाच्या गिरणीवर. मामा म्हणजे दत्तामामा. जन्मभर शाळा-शाळांतून जादूचे खेळ केले, आता दुसऱ्या जादूगारांना लागणारे पत्ते करून देतात. बाजारातला पत्ता सोलून त्याचे दोन पदर करायचे, पोटात काहीतरी घालायचं, आणि परत असा जोडायचा की आत्ताच पाकिटातनं काढल्यासारखा दिसला पाहिजे. पोटात काय घालतो ते सांगणार नाही. मामांनी शपथ घातलीय.

करणाऱ्या आम्ही दोघी. एक शेवंताक्का, ज्यांचं निम्मं आयुष्य चपलांचे तळ चिकटवण्यात गेलं. दुसरी मी, सातवी पास. माझ्याबरोबर दीड वर्षाची पिऊ असते, कारण आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, दुपारपर्यंत बावड्याला शेतात असतात.

त्या दिवशी आम्ही एका थेंबात चिकटणारा गोंद वापरत होतो. पिऊची बोटं कोमट साबणाच्या पाण्यात धरून सुटली. तिला काही झालं नाही, ती हसत होती. मीच संध्याकाळपर्यंत तिची बोटं मोजत होते.

मामा म्हणाले, "सारिका, ल्हान पोर घिऊन हे काम व्हायचं न्हाय. पोरगी मोठी हू दे, मग ये."

मी म्हटलं, "मामा, पोर सोडणार न्हाय, काम बी सोडणार न्हाय. गोंद सोडायचा!"

अक्का म्हणाल्या, "आन् पत्तं काय थुकीनं चिकटवतीस?"

मामांनी थोडा विचार केला. "बाहेरगावचा एक जादूगार यायचा हाय, दिवाळीच्या आधी. लई चिकित्सक माणूस. त्याला पत्ता पसंत पडला तर तुझा गोंद. न्हाय पडला तर तू घरात. बोल."

"बोलायचं काय त्यात?" म्हटलं. आणि रात्रभर मला झोप नाही!

*

पहिला नंबर अक्कांचा. त्यांनी चपलेचं सोल्युशन आणलं. चिकटायला एक नंबर, पण वास असा की मी पिऊला कडेवर घेऊन जिन्यात जाऊन बसले. अक्का आतनं म्हणतात, "अगं, ह्या वासात माझी चार पोरं वाढली!" मी जिन्यातनं म्हणते, "वाढू द्यात. ही जिन्यात वाढंल!"

मामांनी ते पत्ते एका शाळेत खेळाला नेले. बाहीत पत्ता लपवला, हात झटकले, "कुठं गेला पत्ता?" पहिल्या बाकावरची एक पोरगी उठली, नाक वर करून म्हणाली, "मामा, तुमच्या बाहीत नवी चप्पल हाय!"

सोल्युशन बंद.

*

मग शाळेतल्या मुलांचा पांढरा गोंद. वास नाही, काही नाही. मी खूश. पण त्यात पाणी फार. दुपारी सरळ ठेवलेले पत्ते सकाळी बघतो तर पापडासारखे वळलेले.

मामा म्हणाले, "चालतंय की, लांबनं कुणाला दिसतंय." आणि एका बारशाच्या कार्यक्रमात त्यातला एक बादशहा बाजारातल्या पत्त्यांत टेबलावर मांडला. बाकी सगळे पत्ते सपाट, एकटा बादशहा पाठ वर करून. पुढं बसलेल्या एका आजोबांनी हात जोडले आणि म्हणाले, "पावणं, बास करा! तुमचा बादशा आमच्या पाया पडाय लागलाय!"

*

तिसऱ्या खेपेला अक्कांनी मैद्याची खळ शिजवली. चांगली झाली होती. मग पदरातनं एक पुडी काढली. निळे खडे. मोरचूद! म्हणे हे घातलं नाही तर कागद खाणारी कसर लागते, सगळे बुकबाईंडर घालतात.

"ते विष हाय, अक्का."

"चिमूटभर हाय."

"पिऊ बी चिमूटभरच हाय."

अक्का उखडल्या. "सातवी शिकून गोंदाची मास्तरीण झालीस व्हय गं!" मी पुडी उचलली, मामांच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या मंगळसूत्रात ओवली. घरी जाताना परत वर येऊन कुलूप ओढून बघितलं. अर्ध्या रस्त्यातनं परत आले आणि आणखी एकदा बघितलं. हसा की! माझी पोर आहे.

आठ दिवसांत कसरीनं इस्पिकच्या गुलामाचा एक डोळा खाल्ला. अक्का तो पत्ता माझ्यापुढं धरून रोज म्हणायच्या, "बघ, तुझ्याकडं कसा बघतोय. एकाच डोळ्यानं!"

*

माझं माहेर शाहूवाडीकडं, डोंगरात. भात सोडला तर आमच्याकडं दुसरं काय असणार? शाळेत असताना वह्यांना कव्हर घालायचं तर आई मऊ भाताची चार शितं बोटावर द्यायची. चोळायचं आणि दाबायचं. पहिलीपासून सातवीपर्यंतची सगळी कव्हरं मी भातानं चिकटवली, एक सुटलं नाही. आठवीच्या वह्याच आल्या नाहीत, नाहीतर तीही चिकटवली असती.

हे मला भांडी घासताना आठवलं. दुसऱ्या दिवशी तांदळाचं पीठ शिजवलं, फडक्यातनं दोनदा गाळलं आणि पत्त्याला अगदी पातळ लावलं. अक्का म्हणाल्या, "वरनं आमटी घाल म्हंजे झालं!"

*

पातळ लावलं तरी पत्ता वाळताना वळतोच. त्याला वजन पाहिजे. एकसारखं सपाट वजन घरात एकच, आत्यांचा पाटा. मी पत्ते जुन्या वर्तमानपत्रात घालून जमिनीवर ठेवले आणि वर पाटा पालथा घातला.

आत्या शेतातनं आल्या. "माझा पाटा का झोपलाय?"

"पत्ते वाळाय लागल्यात."

"आन् चटणी?"

"आज मिक्सरमधी करा की."

लग्न झाल्यापासून मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. त्यांनी मिक्सरला हात लावला नाही, दोन दिवस नुसतं दही-भाकरी खाल्ली. तिसऱ्या दिवशी शेजारची बाई पाट्यावर टेकायला गेली, तर आत्याच ओरडल्या, "उठ! खाली बादशा हाय!"

एक चूक झाली. पाटा मी धुतला नव्हता. मामांनी खेळात एका माणसाला पत्ता हुंगायला दिला, म्हणाले, "बघा, काय लावलंय का?" तो म्हणाला, "लावलं काय न्हाय, पण भूक लागली!" कांदा-लसूण पार चौकटच्या राणीत उतरला होता.

तेव्हापासून पाटा धुऊन, उन्हात वाळवून. खळ रोजची रोज, उरलेली ठेवायची नाही. पत्ते घट्ट पत्र्याच्या डब्यात, कडुनिंबाच्या पाल्यावर. कसर फिरकली नाही.

*

एका दुपारी माझी पाठ वळली आणि पिऊनं खळीची वाटी चाटून पुसून साफ केली. मला माहीत होतं त्यात काय आहे. मीच शिजवलं होतं. तरी मी तिला उचलली आणि वाटी घेऊन धावत दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी वाटी हुंगली, पिऊचं पोट दाबलं. "बाई, पोरीनं भात खाल्लाय."

"नक्की?"

"नक्की."

"मग लिहून द्या!"

ते हसले, पण लिहून दिलं. तो कागद मी खोलीत मामांच्या खुर्चीसमोर चिकटवला. भातानंच.

*

आणि मग तो जादूगार आला. काळा कोट, बोटात चार अंगठ्या. मामांनी मेजावर इस्पिकचे पाच बादशहा मांडले. चार बाजारातले, एक माझा. "वळखा, जोडलेला कुठला."

त्यानं एकेक पत्ता उन्हात धरला. वाकवला. कडेवरनं नख फिरवलं. हुंगला. माझा पत्ता हातात घेतला तेव्हा मी पिऊला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली आणि खाली उतरली. त्यानं तो पण खाली ठेवला.

"मामा, चेष्टा करताय व्हय? पाची साधं हायत. जोडलेला दाखवा, न्हायतर मी चाललो."

मामांनी चष्मा घातला. पाचही पत्ते बघितले. परत बघितले. "अक्का, तुमी बघा की." अक्कांनी बघितलं, त्यांनाही कळेना. तिघांनी माझ्याकडं बघितलं. पत्ते इतक्या हातांतनं फिरून मिसळले होते, की आता मलाही कळत नव्हतं!

जादूगार पिशवी उचलून उठला. तेवढ्यात पिऊ मेजाजवळ गेली. टाचा वर करून हात घातला, एक बादशहा ओढला, दुडूदुडू मामांच्या लोखंडी कपाटापाशी गेली आणि दारावर थाप मारून हात काढून घेतला.

बादशहा तिथंच राहिला. पोटात काय आहे ते आम्हा तिघांना माहीत, तरी लोखंडी कपाट कुणाला सुचलं नव्हतं.

जादूगारानं पिशवी खाली ठेवली. पत्ता कपाटावरनं काढला, परत लावला, परत काढला. मग मामांना हळूच विचारलं, "गोंद कुठला?"

मामांनी पिऊला कडेवर घेतलं. "हिच्या आईचा हाय. तिला इचारा."

त्यानं मला विचारलं. दोनदा विचारलं. मी सांगितलं नाही.

तुम्हाला मात्र सगळं सांगितलंय. कुणी बाई घरात पाकिटं, आकाशकंदील, पुठ्ठ्याचे डबे चिकटवत असेल, आणि पायाशी रांगणारं पोर असेल म्हणून तिला कुणी म्हणत असेल की काम सोड, तर तेवढं तिच्यापर्यंत पोचवा. तांदळाचं पीठ, दोनदा गाळून, पातळ. आणि पाटा धुऊन घे म्हणावं.