बोटीखालची गादी

पार्वती तरे कुठलीही वस्तू घेताना आधी ती उलटी करून बघते. पातेल्याचं बूड, साडीची मागची बाजू, चपलेचा तळ, बोंबलाचं पोट. मानकोली नाक्यावरच्या भाजीवाल्या ती दिसली की फ्लॉवरची टोपली मागे सरकवतात. "मनाच तेवढा उलटा करून बघायचा राहिला," असं तिचा नवरा तुळशीराम चारचौघांत म्हणतो. लग्नाआधीच बघितलं असतं तर हा दिवस उगवलाच नसता, असं ती कांदा चिरता चिरता म्हणते, आणि दोघांचंही समाधान होतं.

तऱ्यांच्या भाताच्या खाचरांवर आता गोडाऊन उभी आहेत. एकात औषधं, एकात साबण, एकात लोकांनी मोबाइलवरून मागवलेलं नाही नाही ते. शेवटच्यात बोटी. फायबरच्या, चकचकीत, कंटेनरमधून आलेल्या. इथून त्या अलिबागला, धरणांवर, बड्या लोकांच्या फार्महाऊसवर जातात. पार्वतीचं माहेर खाडीकाठचं. तिच्या बापाची लाकडी होडी ओहोटीला चिखलात बसायची आणि भरतीला उठायची. तिच्या तळाचं काय झालं हे बघायला कोणी कधी वाकलं नव्हतं. त्यामुळे पत्र्याखाली, कोरड्या जमिनीवर, चाकांच्या ट्रेलरवर चढवून ठेवलेल्या बोटी पाहून तिला पहिला प्रश्न पडला तो हा, की यांचं सगळं वजन पोटावर नेमकं कुठे येत असेल. ती आत जाऊन बघायला लागली. गोडाऊनची मॅनेजर निवेदिता करकरे हिला ती पहिल्यांदा भेटली ती एका बोटीखाली, गुडघ्यावर बसलेली.

निवेदिता भिवंडी शहरातली, मास्तरांची मुलगी. तिने आरडाओरडा केला नाही. पार्वतीने हाताने दाखवून विचारलं होतं की ही टाचणी कसली. ट्रेलरवर दोन लांब लाकडी फळ्या असतात, त्यांवर बोटीचा तळ टेकतो. फळ्यांवर जाड जाजम ठोकलेलं असतं. ते झिजून त्यातल्या लोखंडी पिना वर डोकावत होत्या. निवेदिता खाली वाकली, पिना बघितल्या, आणि कपाळाला हात लावला. मग या फळ्यांना गाद्या शिवून देणारं कोणी आहे का, असं तिने विचारलं. पार्वती म्हणाली, मी आहे की.

दिवाळीनंतर तिने गाद्या शिवल्या. आत फोम, वर भाविकच्या लूमवरचं कोरं कापड. भाविक म्हणजे शेजारचा, ज्याच्याकडे नवरा ट्रकवर असताना पार्वतीने कितीतरी वर्षं लूमसाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या. लूमवरून उतरलेलं, न धुतलेलं ते कापड पापडासारखं कडक होतं. भिवंडीकडच्या माणसाला कापड हातात घेतलं की कडकपणा म्हणजे मजबुती वाटते, आणि पार्वती तिकडचीच. गाद्या फळ्यांवर अशा ताणून बसल्या की निवेदिता म्हणाली, हॉटेलातल्या पलंगासारख्या दिसतात.

त्याच सुमारास ट्रेलर ओढायची गाडी तुळशीरामकडे आली. त्याने आयुष्यभर भिवंडीतून कापडाच्या गाठी सुरतेपासून लुधियानापर्यंत नेल्या होत्या. साखरेच्या दुखण्यामुळे लांबची गाडी सुटली होती. गावातल्या त्याच्या वयाच्या पुरुषांसमोर मग एकच काम उरतं. आपल्याच जुन्या शेतावरच्या गोडाऊनच्या गेटवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं आणि येणाऱ्या गाड्यांचे नंबर विचारायचे. तुळशीरामला त्या खुर्चीचं भय होतं. ट्रेलर मिळाला तेव्हा त्याने नवीन चष्मा केला आणि मिशी काळी केली.

थंडीभर सगळं ठीक चाललं. उन्हाळा लागला आणि बोटींच्या तळाला ओरखडे दिसू लागले. खोल नव्हते, पण चकचकीत पांढऱ्यावर मळकट रेघा. पार्वतीला आधी हसूच आलं. पाण्यात जाणारी वस्तू, तिच्या पोटावरची रेघ बघणार कोण, मासे? निवेदिताने समजावलं की वरची चमक म्हणजे पातळ थर असतो, तो फाटला तर पाणी आतल्या फायबरमध्ये मुरतं. आणि शिवाय नवीन वस्तू घेणारा माणूस आधी खाली वाकूनच बघतो. हे दुसरं कारण पार्वतीला लगेच पटलं.

मालकशेठला मात्र एकच कारण दिसत होतं. ट्रकवाला आहे, ब्रेक दाबतो, बोट सरकते. आता एक गडद निळी बोट नाशिककडच्या धरणावर जायची होती. निळ्यावर केसाएवढी रेघही दिसते, आणि गिऱ्हाईक चिकित्सक. या बोटीला ओरखडा पडला तर ट्रेलर बाहेरच्या कंपनीला द्यायचा, काकांना गेटवर घेऊ, असं शेठने सांगून टाकलं. निवेदिताने ते तुळशीरामला सांगताना नजर फोनवर ठेवली होती.

त्या दिवशी तुळशीराम नीट जेवला नाही. पार्वतीने भाकरीचं ताट झाकलं आणि गोडाऊनकडे गेली. सिमेंटचं रिकामं पोतं अंथरून ती ओरखडे पडलेल्या पांढऱ्या बोटीखाली आडवी झाली आणि मोबाइलचा उजेड पाडून हात फिरवू लागली.

ओरखडे जिथे फळी टेकते तिथेच होते. आडवे नव्हते, बोटीच्या लांबीच्या दिशेने होते. करंगळीएवढे, पुंजक्यांनी, आणि मागच्या बाजूला, जिकडे इंजिनाचं वजन, तिकडे जास्त. ब्रेक दाबल्यावर बोट पुढे जाते, म्हणजे रेघ एकदाच आणि लांब ओढली जायला हवी, तिने मनाशी म्हटलं. हे तर पोळपाटावर लाटणं फिरवल्यासारखं झालंय, थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा थोडं पुढे.

घरी येऊन तिने हे सांगितलं तर तुळशीराम चिडला. गाडी त्याची, नाव त्याचं खराब होतंय, आणि ही पोटाखाली शिरून काय शोधतेय. "सगळी दुनिया म्हणते ब्रेक, तू म्हणतेस लाटणं," तो म्हणाला. "उद्या मी शेठला सांगतंय, माझी बायको बोटीच्या पोळ्या लाटते."

पांढरी बोट पॉलिशला पडघ्याच्या पुढच्या वर्कशॉपमध्ये न्यायची होती. पार्वती म्हणाली, मी गाडीत बसणार. निवेदिताने हो म्हटलं. नेहमीप्रमाणे निघण्याआधी पाइप लावून बोट धुतली. तो निवेदिताचाच शिरस्ता होता, बोट घाणेरडी बाहेर जाता कामा नये. मग तुळशीरामने बोट ट्रेलरला बांधायचे पट्टे आवळले. कट कट कट आवाज करत पट्टा ताठ झाला. त्याने त्यावर थाप मारून पार्वतीकडे बघितलं, आता बोल म्हणून.

हायवेवर खडीचे डंपर पुढे मागे होते. काच खाली केली तर दातांत कचकच यायची. पडघ्याला चहासाठी गाडी उभी राहिली, तेव्हा पार्वती चहाकडे न जाता मागे गेली. तिने पट्ट्याखाली बोटं घातली. चारही बोटं सहज आत गेली आणि वर जागा उरली.

तुळशीरामने येऊन स्वतःही बोटं घालून बघितली. मग दुसऱ्या बाजूच्या पट्ट्याखाली. चहाचा ग्लास त्याने ट्रेलरच्या कडेला ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. फोम वजनाखाली दबतो, बोट तेवढी खाली बसते, पट्टा सैल पडतो, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. गाठींचा ट्रक असताना पहिल्या थांब्याला दोर पुन्हा ओढल्याशिवाय तो चहाला हात लावत नसे.

"दोर असता तर ओढलाच असता," तो शेवटी म्हणाला. "हा कट कट वाजतो. वाजायचा थांबला की मना वाटतं झालं."

त्याने पट्टे पुन्हा आवळले. पार्वतीचा दुसरा हात अजून गादीवर होता आणि तो तिला काहीतरी वेगळंच सांगत होता. निघताना ओली असलेली गादी वरून सुकत आली होती. जिथे ओलावा उरला होता तिथे कापड चिकट लागत होतं, आणि जिथे सुकलं होतं तिथे मांजरीच्या जिभेसारखं.

वर्कशॉपमध्ये बोट उचलली तेव्हा तिने एक गादी सोडवून घेतली. घरी येऊन ती ओट्यावर पालथी घातली, उसवली, कापडाचा तुकडा कापला आणि गरम पाण्यात बुडवून चोळला. पाणी तांदळाच्या पेजेसारखं दाट झालं आणि भांड्याच्या तळाला बारीक वाळू बसली. खळ. लूमवर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात, आणि कोऱ्या कापडात ती तशीच राहते. ज्या कडकपणाला ती मजबुती म्हणत होती तो सगळा खळीचा होता. बोट धुतली की पाणी गादीवर उतरत होतं, खळ भिजून डिंक होत होती, हायवेची धूळ त्यात रुतत होती, आणि उन्हाने वाळून त्याचा चक्क पॉलिश पेपर होत होता.

तरी तिला खात्री हवी होती. घरात चकचकीत आणि गुळगुळीत असं एकच होतं. तिने फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला आणि मागच्या अंगाला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, गादीचा वाळलेला तुकडा दाबून थोडा पुढे, थोडा मागे फिरवला.

तुळशीराम आवाजाने आत आला. फ्रिजवरच्या रेघा त्याने वाकून बघितल्या. ओळखीच्याच होत्या.

"दोघांचं मिळून हाय," पार्वती म्हणाली. "पट्टा सैल पडतो म्हणून बोट हलते. हलली की माझी गादी तिला घासते. नुसती हलली असती तर काय झालं नसतं. नुसती गादी असती तरी न्हाय."

तुळशीरामने फ्रिजला टेकून जरा विचार केला. गाद्यांमुळे पार्वतीचं नाव गोडाऊनच्या सगळ्या पोरींमध्ये झालं होतं. साबणवाल्यांनीही तिला काहीबाही शिवायला बोलावलं होतं. "पट्ट्याचं मी सांगतंय," तो म्हणाला. "गादीचं कशाला सांगायचं? मी पट्टा आवळीन, झालं."

"आवळाल. तरी कुठं खड्ड्यात जरा हललीच, तर खाली पॉलिश पेपर हायच. निळ्यावर एक रेघ आली की परत तुमचंच नाव."

त्याने फ्रिज ढकलून जागेवर नेला. "आणि याचं?"

"भिंतीकडं हाय," ती म्हणाली.

निवेदिताने दोघांचं ऐकून घेतलं. तिने गादीचा तुकडा हातात घेतला, अंगठ्याने चोळला, आणि पाइपकडे बघत म्हणाली की धुवायला तर मीच सांगत होते. मग ती कामाला लागली. गाद्या काढायच्या. त्या जागी जाड पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, भाजी कापायच्या पाटासारख्या गुळगुळीत, फळ्यांवर बसवायच्या. त्यांच्यात वाळू रुतत नाही, पुसली की गेली. पार्वतीने विचारलं की उकळून खळ काढलेल्या कापडाची गादी चालेल का. निवेदिता म्हणाली, "मावशी, खळ जाईल, पण धूळ कापडात शिरायची ती शिरणारच."

ते खरंच होतं. पार्वतीने गाद्या स्वतःच सोडवल्या. त्या खांद्यावर घेऊन ती घरी निघाली तेव्हा साबणाच्या गोडाऊनमधल्या पोरींनी विचारलं, काय मावशी, धुवायला? ती म्हणाली, हो, चांगल्या उकळायला.

पट्ट्या बसल्यावर ती तळवा फिरवून आली. एका स्क्रूचं डोकं हाताला लागत होतं. मिस्तरी म्हणाला, काही होत नाही. निवेदिताने त्याला तो काढून खोल बसवायला लावला. तुळशीरामलाही तिने बजावलं की आता फळ्या निसरड्या आहेत, तेव्हा बोटीचं नाक धरून ठेवणारा पुढचा हूक ट्रेलरचं चाक पाण्यात गेल्याशिवाय सोडायचा नाही. नाहीतर बोट उतारावरूनच खाली घसरेल.

निळ्या बोटीबरोबर पार्वतीही गेली. तुळशीरामने नको म्हटलं नाही. पडघ्याला त्याने पट्टे आवळले, पुढे आणखी एकदा आवळले, आणि चहा विसरूनच गेला.

धरणावर गिऱ्हाईक पांढरे बूट घालून उभं होतं. कोणाशी न बोलता ते मोबाइलचा दिवा लावून बोटीखाली वाकलं. एका बाजूने, मग दुसऱ्या. पार्वतीने तोवर हातातली पिशवी दोनदा या हातातून त्या हातात केली. तुळशीराम स्टिअरिंगवर हात ठेवून सरळ समोर बघत होता, जणू ती बोट दुसऱ्याच कोणाची आहे.

गिऱ्हाईक उभं राहिलं, गुडघे झटकले आणि म्हणालं, ठीक आहे. मग उतारावर उभं राहूनच म्हणालं की हूक इथेच सोडा, म्हणजे बोट पटकन उतरेल.

"साहेब, चाक पाण्यात जाऊ द्या," तुळशीराम म्हणाला.

गिऱ्हाइकाने पुन्हा सांगितलं. तुळशीरामने नकारार्थी मान हलवली, उतरून पट्टे तेवढे सोडले आणि गाडी मागे घ्यायला लागला. ट्रेलर मागे नेणं सोपं नसतं. स्टिअरिंग एकीकडे फिरवलं की तो दुसरीकडे वळतो. पार्वती हात करून डावीकडे, उजवीकडे दाखवत होती, पण तो तिच्याकडे बघतच नव्हता, आरशात बघत होता. एका दमात, कुठेही न थांबता, त्याने ट्रेलर उतारावरून सरळ पाण्यात नेला. चाकं बुडली. मग उतरला, पाण्यात पाय घालून हूक सोडला, आणि बोट आवाज न करता प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून घसरली आणि तरंगली. गिऱ्हाइकाने तुळशीरामचा नंबर मागून घेतला.

गाडी वर काढल्यावर फोन वाजला. निवेदिता होती. गिऱ्हाइकाचा निरोप शेठपर्यंत पोचला होता, ट्रेलर काकांकडेच राहणार होता, आणि येत्या आठवड्यात आणखी एक बोट अलिबागला जायची होती. तुळशीरामने हो, हो म्हणत फोन ठेवला, ओली पँट पिळली आणि मिशीवरून हात फिरवला.

पार्वतीने पिशवीतून भाकरी काढली. "कंच्या रंगाची हाय?" तिने विचारलं.

"इचारलं न्हाय."

"मग इचारा की," ती म्हणाली, आणि फोन त्याच्या हातात परत ठेवला.