मेमवयनीची हवा

मेमवयनी सकाळी उठली की चुलीकडे जायच्या आधी घरापुढच्या खळ्यात येऊन उभी राहायची, पोलादपूरच्या डोंगरावरचं आपलं आभाळ न्याहाळायची आणि हवा सांगायची भलत्याच गावची. "आज तिकडं वारा पडला असंल. समुद्र परातीतल्या पान्यावानी असंल. मेमसाब टोपी घालून भायेर पडली असंल." आणि हे चैत्रात! आमच्याकडे तेव्हा उजाडायच्या आधीच मानेवरून घाम ओघळायचा, पेरणीआधी पालापाचोळ्याचे राब भाजून सगळ्या उतरणी काळ्या पडलेल्या असायच्या आणि झऱ्याची धार करंगळीएवढी झालेली असायची. मी शेजारच्या खळ्यात सारवत असायची. तिचं बोलणं कानावर आलं की माझा हात जोरात चालायचा. बायका म्हणायच्या, महाडकरणीचं सारवण कसं गुळगुळीत! ते कशाने गुळगुळीत व्हायचं, ते मलाच ठाऊक.

ती माझी थोरली चुलत जाऊ. नाव पार्वती. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिचा नवरा तापाने गेला. मूलबाळ नाही. वाडीतले पुरुष तिला वयनी म्हणत, म्हणून आम्ही सगळ्याच म्हणायला लागलो. पुढे मेमसाहेबाबरोबर समुद्रापार जाऊन आली तेव्हा त्याला 'मेम' चिकटलं. अक्षर ओळखत नव्हती. मी मात्र मराठी चार यत्ता शिकलेली. माझे वडील, आबा, महाडला शाळामास्तर होते. त्यांच्या वर्गात भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला असे आणि मी लहानपणी त्यावर बोट फिरवून बंदरांची नावं वाचून दाखवत असे. हे सांगते आहे ते मोठेपणासाठी नाही. वयनीवर माझा इतका दात का होता, ते कळावं म्हणून.

ती समुद्रापार जायच्या आधी आम्ही दोघी दिवाळी झाली की आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वरला एका साहेबाच्या बंगल्यात कामाला जात असू. पहिली मोठी लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती. मेमसाहेबाची छाती नाजूक होती. डॉक्टरने तिला सांगितलं, विलायतेच्या गारठ्यात जाऊ नका, फ्रान्सच्या दक्षिणेला समुद्रकाठी एखाद्या गावात वसंत काढा. लहान मुलगी होती, तिला सांभाळायला बाई हवी होती. मुलगी माझ्या अंगावरून उतरत नसे, आणि मला चार इंग्रजी शब्दही येऊ लागले होते. मेमसाहेबाने माझंच नाव घेतलं. मी त्या रात्री डोळे मिटून तो भिंतीवरचा नकाशा आठवत पडले होते.

आम्ही दोघी चार दिवस घरी आलो होतो, तेव्हा साहेबाचा बटलर सासऱ्यांना विचारायला वाडीवर आला. सासरे ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारसुद्धा केला नाही.

"धाकटी नाय जायची," ते म्हणाले. "तिचा दादला जिता हाय, मुंबैला गिरनीत हाय. न्यायची तर थोरलीला न्या. तिला कोन हाय?"

वयनी तेव्हा डोक्यावर गवताचा भारा घेऊन खळ्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं. भारा खाली टाकला, पदर झटकला आणि म्हणाली, "जाते मी."

'तिला कोण आहे' हे शब्द तिला कसे लागले असतील, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या मनात एवढंच आलं, की हिचा नवरा मेला म्हणून हिला समुद्र मिळाला. लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

ती परतली ती मृगाच्या तोंडावर. समुद्र ओलांडला म्हणून गावकीने तिला नदीत अंघोळ घालून घरात घेतलं. त्या साहेबाची बदली झाली आणि बंगल्याचं काम आम्हा दोघींचंही सुटलं. वयनीकडे सांगायला तेवढं एक गाव उरलं. 'आंतीब' म्हणायची ती त्याला. तिथली बाजारपेठ, घरं, माणसं यांच्याबद्दल ती फारसं बोलत नसे. बोलायची ती हवेबद्दल. "थंडी हाय, पन चावत नाय. ऊन हाय, पन मारत नाय," हे तिचं ठरलेलं. पाऊस यायचा, तासभर पडायचा, की लगेच ऊन. "आपल्यासारखा चार म्हैने ठान मांडून बसत नाय." कधी वायव्येचा वारा सुटायचा. तो सुटला की तीन दिवस, नाहीतर सहा, नाहीतर नऊ. खिडक्या आपटायच्या, मेमसाहेबाचं डोकं धरायचं. पण आभाळ असं निघायचं, की कुणी घासून उन्हात पालथं घातलंय.

मी एकदा न राहवून विचारलं, "म्हणजे आपल्या महाबळेश्वरासारखीच की हवा!"

"नाय गो. महाबळेसुरची हवा साहेबासारखी, वरनं बघते. तिकडली शेजारनीसारखी. दारात येऊन बसते."

हे असलं तिला सुचायचं. चार यत्ता शिकलेल्या मला कधी सुचलं नाही. माझ्या वाट्याची हवा ती खाऊन आली होती आणि वर ती मला वाढतही होती, शेजारणीला वाटीभर कालवण द्यावं तशी. चव घेतल्याशिवाय राहवतही नव्हतं आणि घास गिळवतही नव्हता.

शिमग्याच्या सुमारास तिथे डोंगरच्या डोंगर पिवळे होतात, म्हणायची. झाड आपल्या बाभळीच्या जातीचं, फूल तसंच गोंड्याचं, पण एवढं लगडलेलं, की "डोंगराला हळद लागली जनू." मग बदामाची झाडं पानांच्या आधी फुलतात. आणि समुद्राच्या काठी उभं राहून मान वळवली, की लांब डोंगरांवर बर्फ दिसतं. बायका तोंडाला पदर लावायच्या. पायाशी समुद्र नि डोळ्यांपुढे बर्फ? पण ती सांगायची तेव्हा तिचा चेहरा असा काही निवायचा, की हसणारीही पुढचं ऐकायला थांबायची. त्या दिवसांत झऱ्यावर घागर भरायला पाऊण-पाऊण तास लागे. वयनी असली की कुणाचं भांडण होत नसे. सगळ्या तिच्याभोवती बसायच्या. मी थोडी बाजूला, पाठ करून.

असंच एकदा बसलेलो असताना ती म्हणाली, "तिकडला समुद्र जागचा हलत नाय. सकाळी जी पायरी ओली, सांजंला तीच ओली. भरती नाय न् सुकती नाय."

मी वळले. इतके दिवस मी ज्याची वाट पाहत होते ते सापडलं होतं. बर्फाबद्दल मला काय बोलता येणार? पण भरती-ओहोटी माझी होती. माझं माहेर महाडचं. सावित्रीच्या खाडीला भरती आली की गलबतं वर यायची आणि ओहोटीला चिखलात कलंडायची, हे मी जन्मापासून पाहिलं होतं.

"वयनी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "समुद्र म्हटला की भरती आलीच. चंद्र आहे तोवर भरती आहे. शाळेत शिकवतात. ज्याला भरती नाही ते तळं. तुम्हाला मेमसाहेबाने तळ्याकाठी नेऊन बसवलं आणि समुद्र म्हणून सांगितलं!"

मग एकीला फिस्सकन हसू आलं आणि सगळा पाणवठा हसू लागला. वयनी माझ्याकडे बघत राहिली. "मी रोज बघितलाय गो," ती हळू आवाजात म्हणाली. "चार म्हैने. दुसरं काय व्हतं मला बघायला? माझी भाषा बोलनारं मानूस नव्हतं तिथं. पोरगी निजली की खिडकीत बसायची नि पान्याकडं बघायची. हलत नाय तो."

"तळं कशाला हलेल?" मी म्हटलं. पुन्हा हसू.

तिने घागर अर्धीच भरली होती. तशीच उचलून गेली. त्या दिवसापासून पोरंटोरंसुद्धा तिला विचारू लागली, "मेमवयनी, तळ्याला भरती आली काय?" तिने पाणवठ्यावर हवा सांगणं सोडलं. सकाळी खळ्यात यायची, आभाळाकडे बघायची. नुसते ओठ हलायचे.

पुढच्याच महिन्यात मी माहेरी गेले. जिंकल्याची गोष्ट सांगावी तशी ही गोष्ट मी आबांना सांगितली. आबा जेवत होते. त्यांचा हात थांबला.

"ती खरं सांगते आहे," ते म्हणाले. "तो भूमध्य समुद्र. चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला. महासागराकडे जायला एक चिंचोळी वाट. त्याला भरती येते ती वीतभर. पुस्तकात आहे." मग घास तसाच ठेवून विचारू लागले, "आणखी काय काय सांगते? वाऱ्याचं काय म्हणाली? फुलं कोणत्या महिन्यात?" मी नाइलाजाने एकेक सांगत गेले. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला. "अग, मी तीस वर्षं हे समुद्र नकाशावर शिकवतोय, आणि तुझ्या घरात ते बघून आलेलं माणूस आहे! न शिकता एवढं टिपलंन. बाईची नजर फार चांगली आहे. तिला घेऊन ये एकदा. माझ्या वर्गापुढे बसवीन."

माझी नजर चांगली आहे, असं आबा मला कधी म्हणाले नव्हते.

मी वाडीवर परतले आणि एक अक्षर बोलले नाही. आज सांगू, उद्या सांगू, असंही झालं नाही. न सांगायचंच ठरवलं होतं. आबांची दोनदा चिठ्ठी आली, तुझ्या जाऊबाई कधी येतात? दोन्ही वेळा मी कळवलं, त्यांना बरं नाही. तिसऱ्या वर्षी आबाच गेले.

अशी सात वर्षं काढली. त्या काळात माझी दोन बाळंतपणं तिने केली. धाकट्याला गोवर निघाला तेव्हा पंधरा दिवस मांडीवर घेऊन बसली. मी तिच्या हातचा काढा प्यायले, तिच्याकडून अंग शेकून घेतलं आणि ती गोष्ट पोटात तशीच ठेवली. ती चांगुलपणाने वागली की मला आणखीच राग यायचा. वाटायचं, हिने हेही माझ्या आधी मिळवलं.

मग मुंबईहून तिच्या भावाच्या मुलाचा सांगावा आला. त्याची बायको वारली होती, पोरं लहान होती. वयनीने दोन लुगड्यांचं बोचकं बांधलं. तोवर पोलादपूरहून महाडला मोटर सुरू झाली होती. तिथून दासगावला बोट. तिला मोटरपर्यंत पोचवायला मी निघाले. उतरणीवर ती पुढे, बोचकं घेऊन मी मागे. तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच मला बोलता आलं असावं.

"वयनी, तुमचा समुद्र खरा होता. आबांनी सांगितलं होतं मला. त्याच वर्षी."

ती चालत राहिली. "ठाव हाय मला," म्हणाली.

"कसं?"

"म्हायेराहून आलीस त्यानंतर सगळ्या हसल्या, तू नाय हसलीस. मी म्हटलं, हिला कायतरी कळलंय."

थोडं खाली गेल्यावर ती थांबली आणि वळली. "आबा काय म्हनाले? सगळं सांग. त्यांच्याच बोलीत सांग."

मी सांगितलं. नजर चांगली आहे म्हणाले, वर्गापुढे बसवीन म्हणाले, दोनदा चिठ्ठी पाठवली. ती तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होती. 'तिला घेऊन ये' हे तिने मला दोनदा म्हणायला लावलं. मग तिचे डोळे भरले. मला वाटलं, आता ही म्हणेल, जाऊ दे गो.

"जिते व्हते तवा का नाय सांगितलंस?" ती म्हणाली. "मी पायी गेले असते महाडला."

तिने माझ्या हातातलं बोचकं काढून घेतलं. पुढची सगळी वाट स्वतःच वाहिलं. मोटरीत बसल्यावर माझ्या धाकट्याचं नाव घेऊन म्हणाली, त्याला थंड पाण्याने न्हाऊ घालू नको. माझ्याकडे बघितलं नाही. मोटर महाडच्या रस्त्याला लागली. मी तिथे उभी होते आणि त्या वेळीही माझ्या मनात काय आलं असेल? हिला कुठूनतरी सतत बोलावणं येतं.

दोन पावसाळ्यांनंतर ती मुंबईतच वारल्याचं कळलं. दिवस चैत्राचे होते. झऱ्यावर आम्ही घागरी लावून बसलो होतो. एकजण म्हणाली, "बिचारी. थापा मारायची, पन मनानं गुनाची."

"थापा नव्हत्या," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. तो समुद्र कसा वेढलेला आहे, त्याला भरती का नाही, आबा काय म्हणाले आणि मी ते सात वर्षं कसं दाबून ठेवलं, जळत होते म्हणून. काही राखलं नाही.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग त्यांतली सर्वांत म्हातारी होती ती उठली, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मेलेल्या मानसाची लाज राखलीस गो. त्यासाठी सोताला नावं ठेवलीस. जाऊ असावी तर अशी."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी तोंड उघडलं, पण त्या पुढचं ऐकायला थांबल्या नव्हत्या. कुणीतरी माझी घागर रांगेतून काढून सगळ्यांच्या आधी धारेखाली लावली. आणि मी ती लावू दिली.