बिल्ला म्हणा, पदक नको

माझ्या वहिनीच्या मामांनी आजवर कुणावरही विश्वास ठेवलेला नाही. कल्याणपासून कर्जतपर्यंत यांच्याइतका संशयी माणूस कुणी दाखवून दिला, तर मी पत्रकं वाटायचं सोडून देईन. दादाचं लग्न झालं आणि वहिनीपाठोपाठ हे मामाही आमच्या अंबरनाथच्या घरात आले. राहायला बदलापूरच्या बाजूच्या खेड्यात, स्वतःची भातशेती, पण दर रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर हजर. आल्याबरोबर भिंतीला पाठ लावून बसणार. चहा दिला की आपला कप माझ्या कपाशी बदलणार आणि मी घोट घेतल्यावरच आपला ओठाला लावणार. समोर कॅलेंडर टांगलेलं असलं तरी तारीख वहिनीला विचारणार, मग दादाला, मग मला, आणि तिघांची उत्तरं जुळली की म्हणणार, "तिघांनी आधी ठरवून ठेवलंय वाटतं." एकदा पोस्टात जाऊन त्यांनी पोस्टमास्तरांना पाकीट दाखवलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "ठसा आजचा हाय, मग शाई कालची कशी?" पोस्टमास्तर बिचारे चष्मा पुसून शाईकडे बघत राहिले.

अख्ख्या आयुष्यात मामांनी भरवसा टाकला तो फक्त एका जनावरावर, आणि ते खेचर होतं. मागच्या लढाईत मामा इटलीत खेचरांच्या कंपनीत होते. डोंगरावर अडकलेल्या पलटणीला पाणी पोचवायचं काम. वाटेत सुरुंग पेरलेले, आणि त्यातून काढलेली सुरक्षित वाट दाखवायला दोन्ही बाजूंनी पांढऱ्या फिती अंथरलेल्या. मामा फितीपाशी थांबले. खेचरही थांबलं. "फीत कुणी टाकली, मी बघितलं नव्हतं," मामा सांगतात. "रातभर तोफा चाललेल्या. फीत काय जागेवर राहते? खेचराने कान मागं टाकले, मी म्हटलं, बरोबर हाय तुझं." ते खडकावरून आडवे चढले आणि मागची अकरा खेचरं त्यांच्या मागे. पाणी पोचलं. फिती खरंच सरकल्या होत्या, हे दुसऱ्या दिवशी उघड झालं. याबद्दल मामांना पदक मिळालं. म्हणजे सगळं जग ज्याला खोड म्हणतं, त्याच खोडीबद्दल सरकारने त्यांच्या छातीला चांदी लावली.

ही गोष्ट मी अशी ऐटीत सांगतो आहे, पण ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती खोटी वाटली होती. हे लपवण्यात अर्थ नाही.

भानगड अशी होती. मामांकडे पदक होतं. तंबाखूच्या डबीत, चिंधीत गुंडाळलेलं. पण फौजेतून सुटताना मिळालेल्या कागदावर 'पदके' या रकान्यात कारकुनाने लिहिलं होतं, 'नाही'. मामांच्या गावात सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला लढाईवर गेलेल्यांसाठी पुढे खुर्च्या मांडतात. तिथे मामा पदक लावून गेले. त्यांच्याच भाऊबंदांपैकी कुणीतरी हेडमास्तरांच्या कानाला लागला की हे उल्हासनगर कॅम्पातल्या जुन्या बाजारातून आणलंय. हेडमास्तरांनी कागद मागितला, रकाना वाचला आणि म्हणाले, "मामा, एवढं काढून ठेवा आणि मग बसा खुर्चीवर." मामांनी पदक काढलं. खुर्चीवर मात्र बसले नाहीत. पोरांच्या रांगेमागे उभे राहिले आणि त्यानंतर झेंडावंदनाला गेलेच नाहीत. त्यांना पेन्शन नको होती, जमीन नको होती. कागदावरचा 'नाही' खोडून तिथे एक ओळ हवी होती.

मी त्या वेळी पाण्याच्या नळासाठी, रेशनसाठी, चाळीच्या संडासांसाठी पत्रकं काढत असे. वहिनी म्हणाली, "भाऊजी, गावच्या नळांसाठी एवढं लिहिता, माझ्या मामांसाठी एक अर्ज लिहा की." मी तिथल्या तिथे बसून लिहिलं. मथळा, 'अन्याय! घोर अन्याय!!' खाली 'नोकरशाहीच्या बेमुर्वतखोर कारभाराचा जाहीर निषेध'. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"पुढारी," ते मला पुढारीच म्हणतात, "ह्यात माझं नाव कुठं हाय?"

नाव राहून गेलं होतं.

नाव घातल्यावर दुसरी हरकत. 'पदक' हा शब्द काढ. "पदक शाळेतल्या पोरांना देतात, धावायच्या शर्यतीत. फौजेत आम्ही बिल्ला म्हणायचो. तू शब्द बदललास म्हणजे आत काहीतरी हाय." मी म्हटलं, सरकारी भाषेत पदकच म्हणतात. ते म्हणाले, "सरकारी भाषेनेच माझा घात केलाय." शेवटी मी कंटाळून लिहिलं, 'माझ्या बिल्ल्याची नोंद राहून गेली आहे, ती करावी.'

पण अर्ज टाकण्याआधी मी एक काम गुपचूप केलं. कॅम्प दोनला गेलो.

आता हा कॅम्प म्हणजे उल्हासनगर, पण लढाईच्या काळात तिथे फौजेच्या बराकी होत्या, आणि मामांची फौजेतून सुटका झाली ती त्यातल्याच एका बराकीत. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले. मामांच्या बराकीत एका म्हाताऱ्या सिंध्याने पुढच्या अंगाला दुकान थाटलं. एका बाजूला बायकोने लाटलेले पापड, दुसऱ्या बाजूला फौजेचा जुना माल, म्हणजे घोंगड्या, पट्टे, पितळी बकलं, आणि एका थाळीत चक्क पदकंसुद्धा. ती थाळी बघून माझा संशय पक्का झाला. मी विचारलं, बदलापूरच्या बाजूचे एक गृहस्थ, टोकदार मिशा, भिंतीला पाठ लावून बसतात, त्यांनी इथून काही नेलं का?

म्हातारा हसायला लागला. "वो फौजी? साईं, वो लेता कुछ नहीं. हर इतवार शाम को आता है, बोलता है तेरे पापड के नीचे मेरा फौजी रजिस्टर दबा है. मैं बोलता हूँ, ढूँढ ले बाबा. सब पापड उठाकर देखता है, फिर गिनकर वापस रखता है."

"आणि ही पदकं?"

"हर बार देखता है, उसके जैसा कोई बेच तो नहीं गया." मग आवाज खाली आणून म्हणाला, "उसका एक लाइन खोया है. मेरा सिंध में घर खोया है, उसका भी कागज नहीं. हम दोनों बैठते हैं, चाय पीते हैं. मेरा कप उठा लेता है, अपना मुझे देता है."

माझं समाधान झालं नाही. मी पत्रकवाला, मला वाटलं दोघं एकमेकांना मिळालेले असतील.

आठ महिन्यांनी उत्तर आलं. मामांनी ते उन्हात धरलं, उलटं केलं आणि मग माझ्याकडे दिलं. आमच्या गावात बिल्ला म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. इथल्या फौजी दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या प्रत्येक कामगाराच्या नंबराचा पितळी तुकडा. तो दाखवल्याशिवाय फाटकातून आत सोडत नाहीत. फौजेच्या कचेरीत अर्ज वाचणाऱ्याने 'बिल्ला' वाचला, उत्तरासाठी दिलेला आमचा अंबरनाथचा पत्ता बघितला आणि अर्ज सरळ कारखान्याकडे ढकलून दिला. उत्तर तिथून होतं. 'आपला बिल्ला गहाळ झाल्याचे कळले. नवीन बिल्ला मिळेपर्यंत रोज सकाळी फाटकावर हजेरी द्यावी. गैरहजर राहिल्यास खुलासा मागवला जाईल.'

मामांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "बघितलंस? मला परत भरती करायचा डाव हाय."

वहिनी तोंडाला पदर लावून आत पळाली. मला हसू आलं नाही. शब्द चुकीचा जातोय हे मला माहीत होतं, आणि मी तो जाऊ दिला होता, कारण मुळात या माणसावर माझाच विश्वास नव्हता. नळाच्या अर्जात मी असा एक शब्द तरी जाऊ दिला असता का?

दुसरा अर्ज लिहायला बसलो तेव्हा मथळा नव्हता, निषेध नव्हता. 'पदक' होतं. मी म्हटलं, पदकाच्या कडेवर शिपायाचा फौजेतला नंबर कोरलेला असतो, तो द्यावा लागेल. मामांनी डबी काढली, चिंधी सोडली, पण पदक हातात देईनात. दोन बोटांत घट्ट धरून, बाकीची कड अंगठ्याने झाकून, एकेक आकडा दाखवत होते. मी एक लिहिला की अंगठा सरकणार. शेवटचा आकडा लिहून झाला आणि मी तो त्यांच्या सुटकेच्या कागदावरच्या नंबराशी ताडून बघितला. अगदी तोच. एकही आकडा इकडचा तिकडे नव्हता. माझे कान तापले.

वर्षाच्या आत उत्तर आलं. त्यात सुधारलेला कागद होता आणि 'नाही'च्या जागी एक ओळ. मामा म्हणाले, "वाच." वाचली. "परत वाच." परत वाचली. तेवढ्यावर न थांबता त्यांनी वहिनीलाही बोलावून तिच्याकडून वाचून घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू कॅम्पात विचारायला गेला होतास ना? मला त्याच रविवारी कळलं."

मी विचारलं, "मग दुसरा अर्जपण माझ्याकडनंच का लिहून घेतलात?"

"गावात माझ्यावर भरवसा असलेले दोघं-तिघं हायत. त्यांनी डोळे मिटून लिहिलं असतं. संशयवाला माणूस आकडा तपासतो." मग कप पुढे सरकवत म्हणाले, "फितीवर सगळ्यांचा भरवसा होता, पुढारी."

त्या दिवशी त्यांनी कप बदलला नव्हता, हे मला ते गेल्यावर कप उचलताना ध्यानात आलं.

परवाच्या सव्वीस जानेवारीला आम्ही सगळे त्यांच्या गावी गेलो. कॅम्पातला म्हातारा सिंधीही पापडांची पुरचुंडी घेऊन आला होता. हेडमास्तरांनी कागद बघितला आणि स्वतः खुर्ची पुढे ओढली. मामा बसले. झेंडा वर गेला तसे उठून उभे राहिले. उजव्या हाताने कडक सलाम ठोकला, आणि डाव्या हाताने छातीवरचं पदक गच्च झाकून धरलं, कारण शेजारच्या खुर्चीवर तोच भाऊबंद होता. राष्ट्रगीत संपेपर्यंत हात हलला नाही. इतक्या वर्षांच्या खटपटीनंतर कागदावर चढलेलं ते पदक त्या दिवशी गावात कुणालाच दिसलं नाही. म्हाताऱ्याने माझ्या कानात विचारलं, "साईं, लगा है ना?"

"लगा है," मी म्हणालो. या वेळी तपासून बघावंसं वाटलं नाही.