कोथमीर

हिमायतनगरच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी नाकाशी नेली की मला आमच्या शाळेतली कॉम्प्युटरची खोली आठवते. मराठीच्या बाईंनी तिथे आम्हाला एक वेबसाइट उघडून दिली होती. सगळ्या वर्गाने मिळून तिच्यावर लिहायचं, आणि कुणाचंही लिहिलेलं कुणालाही बदलता यायचं. स्वयंपाकघराच्या पानावर मी लिहिलं, 'वरणावर कोथमीर घालतात.' पुण्याहून नवीन आलेल्या मुलाने त्याचं 'कोथिंबीर' केलं. मी परत बदललं, त्यानेही परत बदललं. भिंतीवरच्या पडद्यावर माझ्या घरचा शब्द सारखा पुसला जात होता आणि वर्ग फिदीफिदी हसत होता. "बाई, तिचं चुकतंय," तो म्हणाला. मी रडकुंडीला येऊन ओरडले, "आमच्याकडे सब कोथमीरच म्हणतात!" बाईंनी, त्या भल्या माउलीने, निकाल दिलाच नाही. "दुसऱ्याचा शब्द खोडायचा तर खाली कारण लिहायचं," एवढंच म्हणाल्या. त्याने लिहिलं, 'पुस्तकात असं आहे.' मी लिहिलं, 'आई असं म्हणते.' ते वाचून मग त्यानेच टाइप केलं, 'वरणावर कोथिंबीर किंवा कोथमीर घालतात. वास एकच.' आजही कुणी माझी मराठी सुधारायला आलं की मी चिडत नाही. नुसतं म्हणते, आधी कारण लिहा.