मागच्या बाकावरचे काका

मंडळी, माझ्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय असा मला संशय होता. आज मुद्देमालासकट पकडलं!

माझा आठवडा तुम्हाला माहीतच आहे. दिवसभर रहिमतपुरात शाळेत शिकवायचं, संध्याकाळी कोचिंग क्लासला गणित शिकवायचं आणि रविवारी मैत्रिणींबरोबर भटकंती.

सोमवारी शाळेच्या गेटवर पांढऱ्या मिशांचे एक काका उभे होते. गुरुवारी तेच क्लासमध्ये 'पालक' म्हणून मागच्या बाकावर बसले. मला वाटलं, शाळेच्या शिक्षकांना बंदी असताना मी क्लास घेते म्हणून हेडसरांनीच माझ्या मागावर माणूस सोडलाय.

आज पाचगणीत स्ट्रॉबेरी क्रीम खायला गेलो, तर शेजारच्या टेबलावर काका! मी सरळ जाऊन विचारलं, "तुमचा मुलगा कितवीत आहे?"

"मुलगा न्हाई, पुतण्या. लग्नाचा हाय," काका म्हणाले. "मॅडम, मी फौजेतला माणूस. चौकशी केल्याबिगर स्थळ पुढं नेत न्हाई. शिकवता मात्र लय भारी!"

"आम्ही आज इथं येणार, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

काका ग्लासात बघत म्हणाले, "तुमच्या आईनंच की."

सकाळी आई नवा ड्रेस घाल म्हणून का मागं लागली होती, ते तेव्हा कळलं.

पुतण्या म्हणे सांगलीत क्लास घेतो, रविवारीसुद्धा. पुढच्या रविवारी महाबळेश्वरला जाणार, असं मी आईला सांगून ठेवलंय. जायचंय सांगलीला. 'पालक' म्हणून मागच्या बाकावर बसायला माझ्याबरोबर कोण येतंय?