हं म्हटल्याशिवाय गोष्ट नाही

आमच्या नणंदबाईंना आनंद झाला की हसू आवरत नाही, आणि भीती वाटली तरी तेच. परीक्षेच्या दिवशी त्या सकाळपासून खिदळत होत्या. कशापायी, ते मला, त्यांच्या सख्ख्या भावजयीला, काही केल्या कळेना.

डोंगराच्या पायथ्याच्या हॉटेलात त्या वीस वर्षं चादरी धुतात. डोंगर म्हणजे विझलेला ज्वालामुखी, माथ्यावर हे एवढं मोठं विवर. इस्त्रीच्या टेबलासमोर त्यांनी आकाशाचा नकाशा चिकटवलाय. वाफेने त्याचे कोपरे पार वळून गेलेत. चादरीची दोन टोकं माझ्या हातात देऊन विचारायच्या, "बोल, लाव्हा थंड होताना दगडाला भोकं का पडतात?" मी म्हणायचे, "वन्सं, आधी घडी घाला." वायूच्या बुडबुड्यांमुळे पडतात, हे मला आता झोपेतही सांगता येतं. मला कोण विचारतंय म्हणा!

हॉटेलात कॉलेजच्या सहली यायच्या. दिवसा दगड, संध्याकाळी दुर्बीण, आणि मग आमच्या लोकांच्या ताऱ्यांच्या गोष्टी. आमचे लोक म्हणजे रस्ता होण्याच्या कितीतरी आधीपासून डोंगरावर राहणारे. हे सगळं वन्संच दाखवायच्या आणि पोरंही त्यांच्यावर फिदा असायची. यंदा मात्र नियम निघाला. वाटाड्याचं प्रमाणपत्र नसेल तर सहल न्यायची नाही. नापास झाल्या तर पुढच्या महिन्यापासून नुसत्या चादरी. हे मला सांगताना त्या हसल्या नव्हत्या.

परीक्षकबाई आल्या त्या गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या कोटात. मीच दोघींना गाडीतून वर, विवराच्या काठापर्यंत नेलं. दगडांचे प्रश्न वन्संनी चुटकीसरशी सोडवले. दुर्बिणीत गुरू असा पकडून दिला की बाईंचा चष्मा भिंगावर आपटला. अंधार पडला. शेवटचा भाग पारंपरिक गोष्टीचा, वेळ पंधरा मिनिटं. सोबतच्यांनी गाडीत बसायचं. बसले.

"पुस्तकात ज्याला मृग म्हणतात ना, त्यातले ओळीतले तीन तारे बघा," वन्संनी सुरुवात केली. "त्या तीन बहिणी. डोंगराच्या पोटातले निखारे पाटीत घेऊन निघाल्यात."

आणि थांबल्या. बाई लिहीत होत्या.

"हं म्हणा ना, बाई."

"परीक्षकाने शब्दाने किंवा खुणेने मदत करायची नाही," बाईंनी टॉर्च लावून नियम वाचून दाखवला.

"अहो, मदत कसली? आमच्याकडे हं आल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. ही काठावर बसून काळोखात सांगायची गोष्ट. ऐकणारा जागा आहे, पेंगलाय, की घसरून विवरात गेलाय, हे सांगणाऱ्याला कळणार कसं?"

बाई गप्प. वन्सं गप्प. पाच मिनिटं गेली. मला राहवेना. गाडीतून ओरडले, "हं!"

"तुझं चालायचं नाही," वन्संच माझ्यावर खेकसल्या. "तू गाडीत बसलीयस, तू काय पडणारेस?"

मी कपाळावर हात मारला. दोघी एकीपेक्षा एक हट्टी! त्यात वन्संना हसू फुटलं. वाटलं, उतरून एक ठेवून द्यावी. बाईंनी टॉर्च बंद केला.

तेवढ्यात गडगड आवाज करत दगड खाली गेले. हसू बंद.

"बाई?"

उत्तर नाही.

"बाई, आहात का?"

नियम म्हणजे नियम. वन्संनी गुडघ्यांवर रांगत, चाचपडत जाऊन बाईंचा कोट गाठला आणि दोन्ही हातांनी त्यांना घट्ट धरलं. "परीक्षा गेली खड्ड्यात, तुम्ही जाऊ नका!"

"मी नुसता पाय लांब केला," बाई म्हणाल्या. आवाज पार पातळ झालेला. मग थोड्या वेळाने, कडू औषध घेतल्यासारखं, "हं."

झालं! गोष्ट सुटली ती सुसाट. धाकटीची पाटी कलंडली, निखारे सांडले, तेच खालचे बारके तारे. हं. थोरली रागावली. हं. मधली हसत सुटली. हं, मग? वेळ कधीच संपली होती, पण घड्याळ बघतंय कोण! गाडीत बसून मीसुद्धा वेड्यासारखी हसत होते.

गोष्ट संपल्यावर गाडीत बसून बाईंनी निकालाचा फॉर्म भरायला घेतला. मी मान वाकडी करून वाचत होते. "परीक्षकाने मदत केली का?" पुढे त्यांनी लिहिलं, "होय, तेवीस वेळा." पुढचा रकाना होता, "अंधारात गटातली माणसं सुरक्षित आहेत याची खात्री उमेदवार कशी करेल?" बाईंनी कोटाची चुरगळलेली बाही सारखी केली आणि लिहिलं, "विचारावं लागलं नाही, करून दाखवलं."

खाली "उत्तीर्ण" लिहून त्यांनी सही ठोकली.