पहिल्या नावाचा देश

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी कुंभकोणमच्या एका कॉलेजात ग्रंथालय सांभाळत होते, आणि माझे यजमान तिथेच भौतिकशास्त्र शिकवीत. मागच्या एका खोलीत ते सोलर सेल बनवत. ती खोली सरकारी अनुदानावर चाले. ती गेली तर हा माणूस काय करील, या विचाराने मला नेहमीच धास्ती वाटे.

त्या वर्षी दिल्लीहून माझ्याकडे काम आलं. जगात सोलर सेलवर कोण किती संशोधन छापतं ते मोजायचं: अमेरिका, युरोप, जपान, आपण. आपल्यातही गावागणिक मोजायचं, आणि ज्या गावाचं काहीच निघणार नाही त्याचं अनुदान बंद. नियम असा की निबंधावर पहिलं नाव ज्याचं, त्याच्या गावाच्या आणि देशाच्या खाती तो निबंध. वाचलं आणि मला आधी यांचे निबंध आठवले.

आम्ही तंजावरकडचे मराठी. पाहुण्याचं पान आधी मांडल्याशिवाय आमच्यात घरचा कुणी जेवायला बसत नाही. यांनी ही रीत प्रयोगशाळेतही नेली होती. भट्टीपाशी हात भाजून घ्यायचे यांनी. पण सेल नेमका किती चालतो ते मोजायचं यंत्र इथे नव्हतं, म्हणून जर्मनीतले एक प्राध्यापक मोजून देत, आणि प्रत्येक निबंधावर पहिलं नाव त्यांचं. त्या भल्या गृहस्थांनी नको म्हटलं तरी यांचा हट्ट सुटेना.

मी मोजत राहिले. यांचे निबंध एकामागून एक युरोपच्या रकान्यात जात होते, आणि ते मीच घालत होते. कुंभकोणमपुढे काही येईना. मला भयंकर राग आला. दुपारचा डबा घेऊन खोलीत गेले नि सांगून टाकलं.

"आतां पाठवतां त्या निबंधावर तुमचें नाव पैलें घाला."

"तें बरें दिसेल की? मोजून तेणीं दिल्हें."

"भीड भिकेची बहीण. खोली जाईल तुमची."

त्यांनी हातातली सेलची काच खाली ठेवली. मग नावं बदलली. चोरी करताना सापडल्यासारखा चेहरा झाला होता. मला त्यांची दया आली.

निबंध छापून यायला वर्ष लागतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. माझे आकडे मात्र त्याच महिन्यात दिल्लीला गेले. आमच्याकडचा कार्तिकातला पाऊस ओसरल्यावर माणसं आली आणि भट्टी सुटी करून ट्रकवर चढवून घेऊन गेली. खोलीत परीक्षेच्या कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचले. यांना जास्तीचे तास दिले. ते घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडत.

पुढच्या मोजणीत तो निबंध माझ्या हाती आला. पहिलं नाव यांचं. नियमाप्रमाणे मी तो कुंभकोणमपुढे मांडला, आणि संध्याकाळी यांना सांगितलं.

ते उठून बसले.

"मग खोली परत देतील की?"